तीन दिव्यांची सीट

"मला नाही वाजत थंडी. तू घे ओढून."

आईचा हा आवाज आला की पाठोपाठ पाचगणीतली पौषातली पहाट येते. पत्र्यावरून टपटपणारं दव, नळाला पाणी यायची वाट बघत बसलेल्या बादल्या, आणि एका गोधडीत आम्ही तीन भावंडं. गोधडी तिघांना पुरायची, चौथ्याला नाही. आई भिंतीला टेकून बसायची. गुडघे पोटाशी, हात मांड्यांखाली, आणि ओठांत ओवी.

थंडीच्या गं दिसांत, माझ्या घराला चार कोनं
तिन्हींत तीन लेकरं, चौथ्यात माझं गानं

मी विचारायची, "आई, तू ये ना आत."

"मला नाही वाजत," ती म्हणायची आणि पुढची ओवी धरायची. आम्हाला वाटायचं, आईला गाण्याची केवढी हौस! त्या आवाजाच्या उबेत आम्ही पुन्हा झोपून जायचो.

ही गोष्ट त्याच्या पस्तीस-छत्तीस वर्षांनंतरची. आता तिलाही बरीच वर्षं झाली.

आईच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला साताऱ्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. पहाटे घाट उतरायचा, चार तास तिला यंत्राला जोडायचं आणि दुपारी घाट चढून परत यायचं. भाऊ दोघंही पुण्याला. मी मात्र पाचगणीतच, आईवडिलांजवळ. माझा नवरा हॉटेलांचे गिझर दुरुस्त करायचा. तो गेला, त्याची हत्यारांची पेटी राहिली. ती मी उचलली. सुरुवातीला लोक हसले, मग अंघोळीला गार पाणी आलं की मलाच फोन करायला लागले.

डायलिसिसचा त्रास आईनं कधी बोलून दाखवला नाही. पण परत येताना तिला हुडहुडी भरायची. रक्त बाहेर जातं, यंत्रातून फिरतं आणि गार होऊन आत येतं. आई म्हणायची, "अंगातलं रक्त माहेरी जाऊन आल्यागत वाटतंय. येतंय ते रुसूनच." भाड्याच्या जीपमध्ये दोन शाली, स्वेटर आणि कानटोपी घालूनही तिचे दात वाजायचे.

मग धनमाय पाचगणी सोडून निघाल्या. टेकडीवरच्या पारशी बंगल्यातली ही म्हातारी. तिचे पडदे, उश्यांचे अभ्रे, झगे, सगळं चाळीस वर्षं अण्णांनी शिवलेलं. अण्णा म्हणजे माझे वडील. बाजारातल्या 'पोरे टेलर्स'चे मालक, कारागीर आणि हमाल, तिन्ही एकच. जाताना धनमाय आपली जुनी विलायती गाडी आम्हाला देऊन गेल्या. पुढच्या दोन्ही सीटांना शेजारी एक बटण होतं. ते दाबलं की सीट गरम व्हायची. एकदा दाबलं की तीन दिवे, पुन्हा दाबलं की दोन, मग एक.

"बूड शेकणारी गाडी!" अण्णा म्हणाले. "साहेबाला काय काय सुचंल, सांगता यायचं नाही."

"तुम्ही नका बसू," आई म्हणाली, "तुमचं डोकं आधीच तापलेलं असतं."

पहिल्या दिवशी साताऱ्याहून परत येताना मी तिच्या सीटचे दोन दिवे लावले. वाईच्या पुढं घाट सुरू झाला, पहिल्या वळणाला आई म्हणाली, "चुलीपाशी बसल्यागत वाटतंय गं," आणि दुसऱ्या वळणाला तिला झोप लागली. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. महिनाभर असंच चाललं. सीट गरम, आई गप्प, झोपलेली. मी गाडी वळणांवरून हळू न्यायची.

संक्रांतीला अण्णांनी एक गादी शिवली. आईचं अंग वाळत चाललं होतं, सीटवर हाडं टोचतात असं ती एकदा बोलून गेली होती. तेवढंच धरून त्यांनी तिची जुनी लुगडी काढली, एकावर एक नऊ थर रचले आणि दोरे घातले. कडेला हिरवी पट्टी लावली. मंगळवारच्या आदल्या दुपारी गाडीत बसून ती गादी त्यांनी सीटवर बसवली. घाटातल्या वळणांवर सरकू नये म्हणून लांब सुईनं चार कोपऱ्यांत आणि मध्ये दोन, असे सहा टाके थेट सीटमध्ये घातले.

"बघ," त्यांनी आईला हाताला धरून गाडीपाशी आणलं, "सिंहासन केलंय."

आईनं गादीवरून हात फिरवला. हिरव्या पट्टीवर तो थोडा थांबला. "माझ्या लग्नातलं लुगडं आहे यात," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्या मंगळवारी घाट चढताना आई झोपली नाही. गायला लागली. हळू, ओठांतल्या ओठांत. कित्येक वर्षांनी मी तिची ओवी ऐकत होते.

सुई माझी थोरली बाई, दोरा तिचा धाकटा भाऊ
ती खाते टोचणं, त्याची वाट होते मऊ

घरी आल्यावर मी अण्णांना सांगितलं, "आई आज गाडीत गात होती."

अण्णांचा चेहरा फुलला. "गाणारच. सिंहासनावर बसल्यावर कोण रडतं?" मग आईकडे वळून म्हणाले, "गरम होती ना सीट?"

"होती की."

"आणि टोचलं नाही ना काही?"

"इतक्या मऊवर काय टोचणारे?"

पुढं तीन आठवडे हेच. सहा फेऱ्या झाल्या, सहाही वेळा आई गात आली आणि सहाही संध्याकाळी अण्णांनी तेच दोन प्रश्न विचारले. गरम होती ना? टोचलं नाही ना? मला वाटलं, कारागिराचं मन आहे, कौतुक ऐकायची भूक आहे. दुसरं काही मनात आलं नाही.

सहाव्या फेरीच्या शुक्रवारी यंत्रापाशी काम करणारा जमीर मला बाजूला घेऊन गेला. आईला तो मावशी म्हणायचा.

"ताई, मावशींचं काही बिनसलंय का घरी?"

"का रे?"

"मला विचारत होत्या, आठवड्यातून एकदाच आलं तर चालतं का. मी म्हटलं, नाही चालत. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, अजिबातच नाही आलं तर किती दिवस निघतात." त्यानं मान खाली घातली. "मी डॉक्टरांना नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय."

दुपारी आईला घेऊन परत निघाले. घाट लागला तशी आई गुणगुणायला लागली. बटणाचे तिन्ही दिवे लागलेले होते, मीच लावले होते. पाचव्या वळणाच्या रुंद जागी मी गाडी थांबवली.

"आई, जमीरला काय विचारलंस तू?"

"चुगलखोर आहे मेला."

"आई."

"कंटाळा आला गं प्रवासाचा." तिनं खाली कृष्णेच्या खोऱ्याकडे बघितलं. "उतरा, चढा. उतरा, चढा. बास झालं आता."

"दुखतंय का कुठं?"

"नाही."

"मग?"

"मग काय, वय झालं." आणि ती पुन्हा गुणगुणायला लागली.

मी म्हटलं, "हात दे तुझा."

तिचे हात मांड्यांखाली होते. एक तिनं नाखुशीनं बाहेर काढला. पहाटेच्या लोखंडी नळाला हात लावावा तसा तो लागला. नखं निळसर. मी वाकून गादीच्या कडेखालून सीटवर हात घातला. सीट गार होती. नुसती गार नाही, मडक्याच्या बुडासारखी गार. आणि बटणावरचे तिन्ही दिवे माझ्याकडे बघत होते.

"आई, सीट बंद आहे!"

"मघाशी होती गरम."

"कधीपासून बंद आहे?"

"तुला सगळ्याचा हिशेब पाहिजे. चल, उशीर होतोय."

मी अंगातलं स्वेटर काढून तिच्या गुडघ्यांवर टाकलं.

"तुला नको का? गाडी चालवतीयस तू."

"मला नाही वाजत थंडी," मी म्हणाले, आणि स्वतःच दचकले. तो आवाज माझा नव्हता, तिचा होता.

पुण्याच्या वर्कशॉपला फोन केला. सीट पूर्ण बदलावी लागेल, माल बाहेरच्या देशातून येईल, दीड महिना तरी गाडी इथं राहील, असं तिकडून सांगितलं. दीड महिना! आणि आईनं तर जमीरला दिवस विचारले होते.

मी स्वतःशी म्हटलं, सीट म्हणजे काय, आडवा पडलेला गिझरच ना? पाणी नाही एवढंच. आत तार, बाहेर वीज. मंगळवारच्या आत झालं पाहिजे.

रविवारी सकाळी गाडी अंगणात सिल्व्हर ओकखाली घेतली. फ्यूज बघितला, शाबूत होता. बॅटरीची वायर काढली आणि दहा मिनिटं थांबले, कारण सीटखाली एक पिवळा प्लग असतो, तो अपघातात फुगणाऱ्या हवेच्या फुग्याचा, एअरबॅगचा. त्याच्या वाटेला जायचं नाही, एवढं मला माहीत होतं. शेजारचा काळा प्लग सोडवला आणि मीटर लावला. आधी चालकाच्या सीटचं माप घेतलं. बरोब्बर तीन ओहम. मग आईच्या सीटला लावला. मीटरवर आकडाच येईना.

अण्णा पायरीवर बसून बघत होते. एरवी माझ्या कामात नाक खुपसायचे, त्या दिवशी लांब होते.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"तार आत कुठंतरी तुटलीय. एकच लांब तार असते अण्णा, नागमोडी फिरवलेली. खालची आणि पाठीची एकाच दोऱ्यात. एका जागी तुटली की सगळं बंद."

"उसवल्यागत."

"उसवल्यागतच."

"पण दिवे तर लागतात."

"दिव्याला काय, बटण दाबलं की लागतो. खाली ऊब पोचली का, हे त्याला ठाऊक नसतं."

अण्णांनी नजर गाडीवरून काढली. मग म्हणाले, "जुनी गाडी. वायर बटणापाशीच गेली असंल. सीट उसवायची काय गरज नाही."

"बटणापाशी बघितलं मी."

"परत बघ."

"अण्णा, मीटर खोटं बोलत नाही."

"तुला काय कळतंय उसवण्यातलं! शिवण एकदा उसवली की पहिल्यासारखी बसत नाही." आवाज चढला होता. मला वाटलं, गादी निघणार म्हणून जीव तुटतोय. म्हटलं, "तुमची गादी मी जपून काढते. उसवायची बारीक कात्री कुठं आहे?"

ते उठायच्या आत मी घरातल्या त्यांच्या मशीनपाशी गेले आणि ड्रॉवर ओढला. खडू, टेप, बॉबिन, मेणाचा गोळा. आणि काड्यापेटी. ती काड्यापेटी आम्ही भावंडं लहानपणापासून ओळखत होतो. तिला हात लावायचा नसे.

अण्णांचा नियम होता. कापडात सुई मोडली की हातातलं काम जागच्या जागी थांबवायचं. दोन्ही तुकडे शोधायचे, टोकाला टोक लावून जुळवायचे, दोऱ्यानं गुंडाळून काड्यापेटीत टाकायचे आणि मगच पुढचा टाका. टोक सापडलं नाही तर कापड दुकानाबाहेर जायचं नाही. एकदा एका शाळेच्या चाळीस चड्ड्यांमध्ये टोक हरवलं, तर अण्णांनी चाळीसच्या चाळीस चड्ड्या उसवल्या होत्या. "पोराला टोचली तर माझ्या हाताला काय अर्थ?" असं म्हणायचे.

पेटी उघडली. आत जुळवलेल्या सुया, जोडीजोडीनं बांधलेल्या, गंजलेल्या. आणि वर एक लांब सुई, गादी शिवायची. नेढ्याकडचं अर्धं अंग तेवढं होतं. दोरा गुंडाळलेला नव्हता. जोडीदार नव्हता.

मी ती तळहातावर घेऊन बाहेर आले. अण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा पायरीवर बसले.

"टोक कुठं आहे अण्णा?"

त्यांनी माझ्या तळहातावरची सुई उचलली. मग म्हणाले, "मधल्या टाक्याला मोडली. कायतरी कडक लागलं आत, मी जोर दिला आणि कट्कन गेली. शोधलं गं. लोहचुंबक फिरवला, गादी वरून चाचपली, सीटखाली आडवा पडून बघितलं. नाही घावलं."

"मग सांगायचं नाही का?"

"हिला सांगितलं असतं तर ही बसली असती का त्याच्यावर? आणि उसवायला घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी कशी निघणार? म्हटलं, नऊ थर आहेत वर. नाही पोचायचं अंगापर्यंत." त्यांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. "पण रोज विचारत होतो मी. टोचलं का म्हणून. रोज."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांचा हात पायरीवर असा उताणा पडला होता की वाटलं, आधी काम करावं.

सहा टाके उसवून गादी काढली. सीट सोडवली, उलटी केली, खालच्या कडेनं कव्हर ताणून धरणाऱ्या लोखंडी रिंगा पकडीनं एकेक तोडल्या. कव्हर सालीसारखं मागं गेलं. फोमवर पातळ कापडाची एक चटई चिकटवलेली होती आणि तिच्यावर तार, नदीच्या वळणांसारखी फिरलेली. मधोमध मसुराएवढा काळा डाग होता. डागात अण्णांच्या सुईचं टोक उभं रुतलेलं. तार तिथंच दोन झाली होती.

"घावलं," मी म्हणाले.

अण्णा उठून आले. वाकून बघितलं. "हजार पोरांचे कपडे शिवले," ते म्हणाले, "एकालाही टोचली नाही. आणि हिच्या उबेलाच टोचली."

तेवढ्यात आई बाहेर आली. भिंत धरत, शाल सांभाळत. "काय खलबतं चाललीत बापलेकीची?"

अण्णा ताठ उभे राहिले, चोरी करताना पकडलेल्या मुलासारखे. "माझी सुई मोडली होती. त्या दिवशी. टोक आत राहिलं आणि तार तुटली. तीन आठवडे तुझी सीट गार होती, ती माझ्यामुळं."

आई ओट्यावर बसली. डागाकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"गादी घातली त्या दिवसापासनं गरम होत नाही, हे कळत नव्हतं का मला? मीच बसत होते ना तिच्यावर."

"मग 'होती की, होती की' काय लावलं होतंस?" अण्णा ओरडलेच.

आईनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "चाळीस-पन्नास वर्षं गावाचं शिवलंत. पारशिणीचे झगे शिवले, पोरांच्या चड्ड्या शिवल्या. माझं पोलकं कायम उद्या. शेवटी लेकीनंच शिवून दिलं की मी घालायची." ती हसली. "पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी शिवलंत. हिरवी पट्टी लावून. त्याला नाव कशाला ठेवायचं? थोडी गार होती. चालतं."

अण्णांनी गादीच्या हिरव्या पट्टीवरून अंगठा फिरवला. अंगणात ओकची पानं तेवढी वाजत होती.

मी पेटी उघडली. तारेचा जळका भाग छाटला, दोन्ही टोकं चाकूनं खरवडून चकचकीत केली. मध्ये नवा तुकडा घेतला, दोन्ही जोडांवर बारीक पितळी नळ्या चढवून पकडीनं घट्ट दाबल्या. सोल्डरची झाळ लावली असती तर ती गरमीनं सुटली असती, हे गिझरनं मला शिकवलं होतं. वरून आच सोसणारी नळी सरकवली. मीटर लावला. तो पीं करून वाजला. तीन ओहम.

"बोललं," अण्णा म्हणाले.

वीज देऊन बघितली. चटईवर तळहात ठेवला. आधी काही नाही, मग हळूहळू तारेच्या वाटेनं ऊब चालत आली. जोडापाशी बोट ठेवून पाच मिनिटं थांबले. तिथं जास्त तापत नव्हतं. मग आईचा हात धरून चटईवर ठेवला. तिनं तो लगेच मागं घेतला नाही.

कव्हर चढवलं आणि आता गादी राहिली. अण्णा म्हणाले, "राहू दे ती. नको."

"लावा," आई म्हणाली.

"माझा हात थरथरतोय."

"मग थरथरत लावा."

मी अण्णांचा खडू घेतला. कव्हर चढवण्याआधी तारेची वळणं मोजून ठेवली होती, ती गादीवर आखली. "इथनं इथपर्यंत तार आहे अण्णा. ह्या रेषांच्या आत सुई नको. बाहेरच्या कडेनं घाला." त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कापडावर खडूच्या खुणा केल्या होत्या. आज माझ्या खुणेवर शिवायला बसले. सुई आईनं ओवली. कडेकडेनं आठ टाके पडले, आणि दर टाक्यानंतर अण्णा सुई वर धरून आम्हाला दाखवायचे. "अख्खी आहे." पुढचा टाका. "अख्खी आहे." शेवटी मोडक्या सुईचं टोक नेढ्याकडच्या तुकड्याला जुळवलं, दोरा गुंडाळला आणि काड्यापेटी बंद केली.

ऊन कलून घरामागं गेलं होतं. ओट्यावर सावली आली. आणि आई गायला लागली.

थंडीच्या गं दिसांत, माझ्या घराला चार कोनं

"बघ," अण्णा हळूच म्हणाले, "खूश आहे."

मी वळून बघितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी. हात मांड्यांखाली. खालचा ओठ शब्दांच्या मध्ये थोडा थोडा हलत होता. सीट गरम होती तेव्हा ही झोपायची. गार झाली तशी गायला लागली. हे मला गाडीत कळलं नव्हतं. पत्र्याखालच्या त्या पहाटेही कळलं नव्हतं. दात वाजायला लागले की ते ऐकू जाऊ नयेत म्हणून ती त्यांच्यावर ओवी पांघरत होती, आणि आम्ही तिच्या गाण्याच्या उबेत झोपत होतो.

मी आतून गोधडी आणली आणि न विचारता तिच्या अंगावर टाकली. ओवी मध्येच थांबली.

मंगळवारी अण्णांनी दुकान बंद ठेवलं आणि तेही आले. आईला यंत्राला जोडलं तेव्हा जमीरनं मला खूण केली, आज मावशी काही विचारत नाहीत. पण पुढच्या खेपेला येते असंही ती म्हणाली नव्हती.

दुपारी निघालो. अण्णा मागं बसले होते, त्यांचा हात पुढच्या सीटच्या पाठीवर, आईच्या खांद्याजवळ. मी बटण दाबलं.

"किती दिवे ठेवू?"

"एक पुरे."

"बाहेर गार आहे."

"एक पुरे म्हटलं ना. उगीच वीज जाळायची."

मी एक ठेवला. वाई मागं पडली. घाट लागला, वारा काचांवर यायला लागला. चौथ्या वळणापर्यंत आई गप्प होती. मग आवाज आला, अगदी बारीक.

थंडीच्या गं दिसांत...

मी पाचव्या वळणाच्या रुंद जागी गाडी थांबवली. त्याच जागी.

"आई, गाऊ नकोस. सांग."

"गाऊ दे की तिला," अण्णा मागून म्हणाले. "एवढं छान—"

"अण्णा, थांबा जरा."

खाली खोऱ्यात धोम धरणाचं पाणी उन्हात पडलं होतं. आईनं मांड्यांखालचे हात काढले, मांडीवर ठेवले, त्यांच्याकडे कुणा दुसऱ्याचे असल्यासारखं बघितलं. अण्णांची बोटं तिच्या खांद्यावर सरकली. तिनं ती झटकली नाही.

"तिन्ही लाव," ती म्हणाली.

मी लावले.

"आणि शुक्रवारी मला आत बसवायच्या आधीच लावून ठेवत जा. सुरुवातीला लई गार लागतं."

"बरं."

मी गाडी सुरू करणार होते. तेवढ्यात तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तोंड मात्र काचेकडेच होतं.

"मला थंडी वाजते गं, मालू," आई म्हणाली. "फार वाजते. पहिल्यापासनंच वाजायची."